रिव्ह्यूअरचे वाफे

निवृत्त प्राध्यापकाला दोनच कामांसाठी बोलावणं येतं, दिवा लावायला नाहीतर उपदेश करायला. मला उपदेशाचं येतं. छत्तीस वर्षं मी पिकांच्या रोगांवर शिकवलं आणि त्यातली पंचवीस वर्षं लोकांचे शोधनिबंध तपासले. हा उद्योग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संशोधक निबंध लिहून एखाद्या पत्रिकेकडे पाठवतो. संपादक तो त्याच विषयातल्या दोघा-तिघा जाणत्यांकडे पाठवतो आणि छापायचा की नाही ते त्यांच्या मतावर ठरतं. हे जाणते म्हणजे रिव्ह्यूअर. लेखकाला त्यांचं नाव कधी कळत नाही. काही पत्रिका लेखकाचं नावही रिव्ह्यूअरपासून लपवतात, म्हणजे कुणी ओळखीनं पास करू नये की वैरानं पाडू नये.

संपादकांमध्ये माझी ख्याती कडक म्हणून होती आणि मला तिचा अभिमान होता. माझी बायको पूर्णिमा म्हणायची, "दुसऱ्याचं चांगलं दिसलं की तुमच्या पोटात दुखतं." ते काही खरं नाही. दुसऱ्याचं वाईट सापडलं की मला बरं वाटायचं, हे खरं आहे. एवढं कबूल करायला मला सहासष्ट वर्षं लागली, आणि तेही एका पोरीनं करायला लावलं म्हणून.

जानेवारीत इथल्या, जबलपुरातल्याच एका संस्थेनं एक दिवसाची कार्यशाळा ठेवली. विषय होता, शोधनिबंधाचं परीक्षण चांगलं कसं करावं. वक्ता मी एकटाच, डॉक्टर अनुपम सुभेदार. समोर तीस-चाळीस पीएचडीची मुलंमुली. सकाळी मी माझी ठरलेली वाक्यं टाकली. निबंध दोनदा वाचा, पहिल्यांदा हातात पेन न धरता. लेखकाला काय म्हणायचंय ते आधी तुमच्या शब्दांत लिहा, म्हणजे तुम्ही वाचलंय हे त्यालाही कळेल आणि तुम्हालाही. बोलायचं ते कामाबद्दल, माणसाबद्दल नाही. आणि निबंधाला जे जे जोडलंय ते सगळं उघडा, पुरवणी, तक्ते, नकाशे. चूक बहुतेक तिथेच दडलेली असते. हे शेवटचं मी टेबलावर बोट आपटून सांगितलं आणि पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

दुपारी जेवणाआधी एक प्रयोग ठेवला होता. प्रत्येकानं स्वतःला आलेलं एखादं परीक्षण आणायचं, ते वाचून दाखवायचं आणि बाकीच्यांनी त्याचं परीक्षण करायचं. कल्पना माझीच. पहिल्या दोघांची परीक्षणं बेताची होती. तिसरी उठली ती चष्मेवाली, बारीकशी मुलगी. तिनं घडी घातलेला कागद उलगडला आणि इंग्रजीत वाचायला लागली.

"लेखकाला शेतातल्या प्रयोगाची बाराखडीही येत नाही. कंट्रोलचे वाफेच नाहीत. जे सांगितलंय ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे. असल्या कामावर रिव्ह्यूअरचा वेळ का वाया घालवावा, हे संपादकांनी सांगावं. नामंजूर."

एवढंच. चार ओळी. चौथी ओळ यायच्या आधीच ती मला पाठ होती, कारण ती मीच लिहिली होती.

सभागृहात हशा पिकला. मुलीनं, तिचं नाव वैभवी लांजेवार, हात वर करून सांगितलं की कंट्रोलचे वाफे, म्हणजे औषध न लावता तुलनेसाठी ठेवलेले वाफे, प्रयोगात होते. जागा कमी म्हणून त्यांचा तपशील पुरवणीच्या फाइलमध्ये दिला होता आणि सातव्या पानावर तसं लिहिलंही होतं. मागे बसलेला चिराग नावाचा दाढीवाला मुलगा म्हणाला, "सर, फाइल ही नहीं खोली इन्होंने." दुसरी कुणी म्हणाली, "सातवाँ पन्ना भी नहीं पढ़ा." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. मला वाटलं, यांना कळलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी काय म्हणतो याची ते फक्त वाट बघत होते.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, परीक्षण कसं नसावं याचा हा नमुना आहे. त्या चार ओळी मी फळ्यावर लिहिल्या आणि एकेक ओळ खोडत गेलो. ही ओळ माणसावर आहे. या ओळीला संदर्भ नाही, "सगळ्यांना ठाऊक" म्हणजे कुणाला, कुठे छापलंय, ते सांगायला हवं. ही ओळ धडधडीत खोटी आहे. इतकं चांगलं मी त्या दिवशी दुसरं काहीच शिकवलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी लहानपणापासून दुसऱ्यांवर वापरत आलो. त्या दिवशी टाळ्या संपेपर्यंत मी खाली बघत उभा राहिलो.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली.

"सर, तुम्ही मराठी ना? सुभेदार म्हणजे."

"हो. आमचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत आले इकडे. परत जायचं राहूनच गेलं."

"आम्ही भंडाऱ्याकडचे. आजोबा आले. घमापुरात राहतो." मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही आज त्या रिव्ह्यूअरचं बोलले, मला खूप बरं वाटलं. मी तर आठ महिने त्यालाच खरं समजून राहिली होती."

"म्हणजे?"

"मी यंदा पुन्हा पेरलं ना, सर. पूरा प्रयोग. त्यांनी लिहिलं कंट्रोल नाहीत, आणि मी तर दिले होते. मग मी म्हटलं, एवढा मोठा माणूस उगाच काहून लिहील? कमी असतील म्हणून नाहीत म्हणून राहिले असतील. सहा होते, यंदा बारा अजून टाकले. माझे बाबा त्यांना रिव्ह्यूअरचे वाफे म्हणतात." ती हसली. "रोज सकाळी विचारत, काय वैभवी, आज रिव्ह्यूअरला पाणी द्याचं का?"

मीही हसलो.

तिचा प्रयोग वाटाण्यावर होता. आमच्या भागात सप्टेंबरअखेर वाटाणा पेरतात, लवकर निघावा म्हणून, आणि त्या ओलसर उष्म्यात मुळं कुजून रोपं मरतात. वैभवीनं जबलपूरजवळच्या पाटणच्या मातीतून एक उपयोगी बुरशी वेगळी काढली होती. पेरणीआधी ती बियाण्याला चोळली की मुळं कुजत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. पाटणला तिच्या मामाचं शेत, तिथेच दोन्ही वर्षं प्रयोग. आता दोन्ही वर्षांचं मिळून निबंध तयार होता, त्याच पत्रिकेला परत पाठवायचा होता. एकतीस मार्चच्या आत स्वीकृतीचं पत्र आलं नाही तर तिची पीएचडीची नोंदणी रद्द होणार होती. सहा वर्षं पुरी झाली होती आणि आणखी मुदत मिळणार नव्हती.

"गाइड काय म्हणतात?"

"गाइड सर ऑफिसच्या कामात राहतात. सही करून देतात. सर, पाठवायच्या आधी तुम्ही एकदा पाहाल का? तुमच्यासारखं कोणी आजपर्यंत वाचलंच नाही माझं."

मी हो म्हणालो. त्या वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. मी रविवारी घरी येतो म्हणालो आणि पत्ता लिहून घेतला.

घरी येऊन जुनी मेल काढली. मे महिन्याची एकोणीस तारीख. संपादकाचं तिसरं स्मरणपत्र आलं होतं आणि त्या दिवशी आम्ही सराफ्यात होतो. पुतणीचं, अवंतिकाचं लग्न ठरलं होतं आणि पूर्णिमाला आपली जुनी पाटली मोडून तिच्यासाठी नवं काही करायचं होतं. मी सोनाराच्या गादीवर टेकून मोबाइलवर निबंध चाळला. पुरवणीची फाइल मोबाइलवर उघडेना. दोनदा बोट मारून पाहिलं आणि सोडून दिलं. उकडत होतं, तहान लागली होती, आणि निबंधाचं इंग्रजीही कच्चं होतं. कच्चं इंग्रजी दिसलं की कामही कच्चं असणार असं मी धरून चालतो. धरून चालत होतो. चाळीस मिनिटांत काम संपवून मी उसाचा रस प्यायला बाहेर पडलो.

हे सगळं पूर्णिमाला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या सोनारानं माझी पाटली पाऊण तास पाहिली. घासली, पुन्हा घासली, दिव्याखाली नेली. तुम्हीच चिडले होते त्याच्यावर, किती वेळ लावून राहिला म्हणून."

"आठवतं मला."

"मग आता काय करता?"

"रिव्ह्यूअरनं लेखकाला आपलं नाव सांगायचं नसतं. नियम आहे तसा."

"अच्छा. नियम आहे की सोय आहे?"

माझ्या बायकोचं एक वाईट आहे, ती शेंगा सोलता सोलता बोलते, वर बघत नाही, त्यामुळे तिच्यावर डोळे वटारता येत नाहीत. नियम माझ्या बाजूनं होता आणि त्याचीच मला लाज वाटत होती. मी तोंड उघडलं नसतं तर जन्मात कुणाला कळलं नसतं. वैभवी निबंधाच्या शेवटी माझे आभार मानणार होती, तसं ती म्हणालीही होती.

दुसऱ्या दिवशी मी संपादकाला लिहिलं. मे महिन्यातलं माझं परीक्षण चुकीचं होतं, मी पुरवणी उघडली नव्हती, कंट्रोल नाहीत हे विधान खोटं आहे, निबंध पुन्हा आला तर जुन्या नामंजुरीचं ओझं त्यावर ठेवू नये. लेखिकेची योगायोगानं ओळख झाली आहे, तेव्हा तिला मी स्वतः सांगू का, हेही विचारलं. संध्याकाळी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, निबंध नवा म्हणून घेऊ, नवे रिव्ह्यूअर नेमू, पाच-सहा आठवड्यांत निकाल देऊ, नाव सांगणं न सांगणं आपली मर्जी. शेवटी एक ओळ होती. दुसऱ्या रिव्ह्यूअरनं किरकोळ सुधारणांसह छापा म्हटलं होतं, पण आपला अनुभव पाहून आम्ही आपलं मत मानलं. ती ओळ मी तीनदा वाचली.

रविवारी अकराच्या सुमारास घमापुरला गेलो. बाजारात गाडी शिरत नाही, कोपऱ्यावर सोडून चालत गेलो. खाली वैभवीच्या वडिलांचं, पुंडलिकरावांचं, भाजीचं दुकान आणि वर दोन खोल्या. पुंडलिकराव दुकान भाच्यावर सोडून खास वर आले. धोतर नाही, पॅन्टच, पण डोक्याला गमछा बांधलेला. मला खुर्ची दिली आणि स्वतः बाजेवर बसले.

"साहेब, तुमच्याबद्दल लय सांगत होती पोरगी. कोणीतरी तिच्या बाजूनं बोललं म्हणे."

वैभवीनं स्टीलच्या ताटलीत हिरवी मिरची न् मीठ घालून परतलेले वाटाणे आणून ठेवले. वाफ येत होती.

"घ्या सर. रिव्ह्यूअरच्या वाफ्यातले आहेत," ती म्हणाली. "जे जगले ते."

"बारा वाफ्यांत मिळून एवढेच निघाले," पुंडलिकराव हसत म्हणाले. "पण गोड हाय."

गोड होते. मी चार चमचे खाल्ले, कारण ताटली हातात होती आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. पाचवा चमचा उचलवेना.

"वैभवी," मी म्हणालो, "ते परीक्षण मी लिहिलेलं होतं."

तिला कळलंच नाही. "कोणतं सर?"

"तू वाचलंस ते. बाराखडी येत नाही, कंट्रोल नाहीत. ते मीच लिहिलं. तुझं नाव मला दिसत नव्हतं, पण नाव दिसलं असतं तरी तसंच लिहिलं असतं मी."

खालून कुणी टोमॅटोचा भाव विचारत होतं, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. पुंडलिकरावांनी डोक्याचा गमछा सोडला आणि मांडीवर ठेवला.

"तुम्हीच काय ते?" ते म्हणाले. "आम्ही समजलो, कोणी दिल्ली-बिल्लीचा असंल. एवढं तोडून लिहिते म्हणजे."

"नाही. मी इथलाच. नेपियर टाऊनचा."

वैभवी उभीच होती. तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि पुन्हा लावला. मला वाटलं होतं ती रडेल किंवा भांडेल, आणि त्या दोन्हीची मी तयारी करून आलो होतो. तिनं एवढंच विचारलं, "पुरवणीची फाइल उघडली होती, सर?"

"नाही. मोबाइलवर उघडली नाही. मग मी सोडून दिली."

"आणि मग त्या दिवशी, कार्यशाळेत? तुम्ही फळ्यावर लिहून सगळं खोडलं ते?"

"तेव्हा मला माहीत होतं. सांगायची हिंमत झाली नाही."

तिनं मान हलवली, जणू गणितातली एखादी पायरी जुळली. संपादकाला काय लिहिलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं तेही मी सांगितलं. चुकलो म्हणालो, दोघांनाही. सहासष्टाव्या वर्षी माफी मागताना आवाज असा चिरका निघतो हे मला ठाऊक नव्हतं. पुंडलिकराव "जाऊ द्या साहेब" म्हणाले, पण लेकीकडे न बघता म्हणाले.

वैभवी आत गेली आणि निबंध घेऊन आली. छापलेला, टाचलेला, पुरवणीसकट. माझ्यासमोर स्टूल ठेवून त्यावर तिनं तो ठेवला.

"आता वाचा," ती म्हणाली. "पूर्ण. मी बसून राहते."

मी वाचला. आधी पेन न धरता, मग पेन घेऊन. पुंडलिकराव खाली जाऊन आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. दीड तास गेला असेल. निबंध चांगला होता, आणि ते वाचताना मला आणखी अपराधी वाटत होतं. इंग्रजी अजूनही अडखळत होतं, पण पोरीनं एकेक रोप उपटून, मूळ धुऊन, कुजलेला भाग मोजला होता. दोन वर्षांत चार हजारांवर मुळं. मे महिन्यात मी याला बाराखडी येत नाही म्हटलं होतं.

मग पुरवणी उघडली. तिसऱ्या पानावर शेताचा नकाशा होता, वैभवीनं हातानं काढलेला, नीटनेटका. औषधाचे, म्हणजे बुरशी चोळलेल्या बियाण्याचे, वाफे हिरवे, कंट्रोलचे पांढरे. पूर्वेच्या कडेला निळी रेघ आणि तिच्यावर लिहिलेलं, नाला.

पांढरे वाफे सगळे नाल्याच्या कडेला होते. पहिल्या वर्षीचे सहाही आणि यंदाचे बाराही.

मी नकाशावर बोट ठेवलं. "हे सगळे इथेच का?"

"मामा चांगल्या जमिनीत कंट्रोल टाकू देईना, सर," वैभवी म्हणाली. "आणि बाबा म्हणाले..."

"मी म्हटलं, जे मरायचंच हाय ते चांगल्या जमिनीत काहून लावाचं?" पुंडलिकराव म्हणाले. "कडेला लावू. औषधाचं मधात राहू दे."

शेतकरी माणूस दुसरं काय म्हणेल. पण नाल्याच्या कडेला पाणी साचतं आणि पाणी साचलं की वाटाण्याची मुळं कुजतातच, औषध असो की नसो. मग पांढऱ्या वाफ्यांतली रोपं औषध नव्हतं म्हणून मेली की पाण्यानं मेली, हे कळणार कसं? मी नकाशा पुन्हा पाहिला. हिरव्यांपैकी तीन वाफे कोपऱ्यात नाल्याला टेकत होते. तक्त्यात त्यांचे आकडे शोधले. तिथली मुळंही जवळजवळ पांढऱ्या वाफ्यांइतकीच कुजलेली होती.

म्हणजे कारण पाणी होतं. निदान बरंचसं पाणी. निबंधाचा मुख्य दावा उभाच राहत नव्हता.

मी पेन खाली ठेवलं. खोटं कशाला सांगू, पहिला विचार गप्प राहायचा आला. दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या नजरेतून हा नकाशा सुटला होता, गाइडच्या सुटला होता, नव्यांच्याही सुटेल. मार्चला दोन महिने होते. या पोरीचा एक हिवाळा मी मातीत घालवला होता. आता तिच्या घरात बसून, तिचे वाटाणे खाऊन, उरलेलंही पाडायचं का? मी आता तिचा रिव्ह्यूअरही नव्हतो. गप्प राहणं किती दयाळूपणाचं दिसलं असतं. तिनं आभारही मानले असते.

पण चार हजार मुळं धुणाऱ्या माणसाला खोटं पत्र मिळवून देणं ही दया नव्हती. ते पत्र माझी टोचणी बोथट करायला कामी आलं असतं, तिच्या काही कामाचं नव्हतं. मी दुसऱ्यांदा फाइल न उघडल्यासारखंच ते झालं असतं.

मी सांगितलं. नकाशावर बोट ठेवून, आकडे दाखवून, हळूहळू. वैभवीनं मध्येच तक्ता ओढून घेतला आणि ते तीन हिरवे वाफे स्वतः शोधले. बराच वेळ ती बोटानं एकच रकाना वर-खाली करत राहिली.

पुंडलिकरावांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माझ्या बोलण्यानं झालं काय, साहेब?"

"नाही. शेतकऱ्याच्या हिशेबानं तुम्ही बरोबर बोललात. हे पाहायचं काम माझं होतं. पहिल्या वर्षीचा नकाशा मे महिन्यातच माझ्याकडे आला होता."

ताटलीतले वाटाणे गार झाले होते.

"काही उरत नाही का, सर?" वैभवीनं विचारलं.

"उरतं. छोटं उरतं. पाणी साचतं तिथे ही बुरशी कामाची नाही, एवढं तुझे आकडे खणखणीत सांगतात. इकडचा प्रत्येक शेतकरी कडेनं वाटाणा लावतोच, त्याला ते कळायला हवं. तेवढंच म्हणणारा निबंध पंधरा दिवसांत लिहिता येईल. छापतील की नाही, मार्चच्या आत होईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. मधल्या चांगल्या जमिनीबद्दल दावा करायचा तर सप्टेंबरमध्ये कुठला वाफा कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागेल."

"सप्टेंबरमध्ये मी नोंदलेली नसेन, सर."

"मार्चमध्ये हे आलं तर असशील."

तिनं आतून एक कोरा कागद आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "लिहून द्या. जसं शिकवता तसं. मग मी पाहते काय होते ते."

मी लिहिलं. आधी तिचं म्हणणं माझ्या शब्दांत. मग काय चांगलं आहे, आणि तिथे मला कधी नव्हे ते बरंच लिहायला लागलं. मग नाला, पांढरे वाफे, ते तीन हिरवे, आणि काय करता येईल ते. पान भरलं, मागच्या बाजूला गेलो. शेवटी सवयीनं थांबलो, कारण रिव्ह्यूअर खाली सही करत नाही. मग पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि तारीख टाकली.

वैभवी बाजेवर वडिलांशेजारी बसली आणि वाचायला लागली. एकदा वाचलं, हातात पेन न धरता. मग पेन घेऊन दुसऱ्यांदा वाचलं आणि दोन ठिकाणी खुणा केल्या. पुंडलिकराव तिच्या खांद्यावरून कागदाकडे बघत होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण ते शेवटपर्यंत बघत राहिले.

तिनं कागदाची घडी घातली.

"सर," ती म्हणाली, "हे मे महिन्यात आलं असतं ना, तर यंदा मी बाबांचं ऐकलं नसतं."